बागेत सांगितलंत, घरात नाही

आबा,

सविनय जयभीम.

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं. कॉलनीच्या बागेला तुमचं नाव दिलं, आणि त्याच कार्यक्रमात तुमच्या सुनेनं माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर असं काही सांगितलं, जे तुम्हाला आवडलं नसतं. तुमच्यामागं तुमच्याविषयी मी कधी कुणाकडं उणंदुणं काढलं नाही. म्हणून काल काय बोलले आणि का बोलले, ते तुम्हाला सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आज डेअरीत रजा टाकलीय. सकाळपासून कागद घेऊन बसतेय आणि उठतेय. मघाशी चहा उतू गेला, गॅस पुसला, परत बसले. काय चाललंय माझं, मलाच कळेना. जे केलं ते बरोबरच केलं असं वाटतं, आणि लगेच वाटतं, चुकलंच.

तुम्ही शेळगाव सोडून इथं राहायला आलात तो दिवस आठवतोय ना? पुण्याला नेऊन तुमच्या हृदयात स्प्रिंग बसवली, आणि तिथूनच तुमच्या लेकानं, संजयनं, तुम्हाला बारामतीला आणलं. घरात आलात, खोली बघितलीत, खिडकी उघडलीत आणि समोरच्या घराची भिंत बघून परत लावून घेतलीत.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. पण चालायचं कुठं? रस्त्यावर उतरलात तर एमआयडीसीची पाळी सुटलेली. मोटारसायकलींचा लोंढा. एकाचा आरसा तुमच्या कोपराला घासून गेला आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "हितं रस्ता हाय, पर चालाया जागा न्हाय." मग गच्चीवर फेऱ्या सुरू केल्यात. टाकीपासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून टाकीपर्यंत. खाली स्वयंपाकघरात मला तुमच्या वहाणांचा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकून माझाच जीव गुदमरायचा. दर वेळी तपासायला गेलो की बीपी वाढलेलंच. डॉक्टर विचारायचे, "आबा, कसली चिंता करता?" तुम्ही म्हणायचात, "चिंता न्हाय, कोंडल्यावानी हुतंय."

आपल्या गल्लीच्या टोकाला कॉलनीची मोकळी जागा होती. नकाशात बाग, प्रत्यक्षात वेड्या बाभळी आणि ज्यानं त्यानं घर बांधताना आणून टाकलेला राडारोडा. आम्ही तिथून जाताना नाकाला पदर लावायचो. एक दिवस मी कामावरून येतेय तर तुम्ही तिथं, डोक्याला टॉवेल गुंडाळून, खोऱ्यानं फुटक्या फरश्या ओढताय.

"आबा, हे काय चाललंय?"

"चालाया जागा करतूय."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चाला म्हणलं हुतं. कुठं चाला ते कुठं सांगितलं?"

मी खोरं हिसकावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांचं मागून आणलंत. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण लोक आले, आबा, हे मी मान्य करते. आधी शेजारच्या कुसुमकाकू आल्या. त्यांना वाटलं, म्हातारा माणूस उन्हात एकटा मरतोय, पाणी तरी द्यावं. मग कॉलनीच्या समितीचे देशमाने सर आले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, अर्ज लिहायचा हात बसलेला. त्यांनी नगरपरिषदेच्या मागं लागून राडारोडा उचलायला लावला, टँकर मिळवला. तुम्ही रोपं आणलीत. करंज, कडुनिंब, बहावा, कडेला उंबर. मुरमाची पायवाट केलीत, तीही सरळ नाही. सरांनी विचारलं, वाकडी का, तर म्हणालात, सरळ वाटंवर माणसाला शेवट दिसतू आन कंटाळा येतू.

झाडं वाढायला वर्षं लागली. करंजानं लवकर सावली धरली. तुम्ही तर रोप लावल्या दिवसापासूनच बदललात. सकाळी उजाडायच्या आत दार वाजायचं. परत यायचात ते धोतराला कुसळं घेऊन, आणि जेवायला बसलात की भाकरी मागून घ्यायचात. झोप लागायला लागली. गच्चीवरचा तो आवाज थांबला. तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बीपीचा पट्टा सोडून परत बांधला, परत बघितलं आणि म्हणाले, "आबा, काय केलंत?" तुम्ही लाजलात. पहिल्यांदा बघितलं मी तुम्हाला लाजताना. त्या दिवशी त्यांनी तुमची एक गोळी कमी केली.

एकच कमी केली होती, आबा. तुम्ही सगळ्याच बंद केल्यात.

हे आम्हाला कधी कळलं, माहीत आहे? तुम्ही शेतातला कांदा बघायला म्हणून लेकीकडं, मंदाताईंकडं, शेळगावला गेला होता. दुपारी जेवून ओट्यावर बसलात, छाती भरून आलीय म्हणालात. त्यांनी गाडी करून इंदापूरला आणलं. आम्ही बारामतीहून पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू होत्या?" मला तोंडपाठ होतं सगळं, मी नावं घ्यायला लागले. तर तुमची लेक रडता रडता म्हणाली, "वहिनी, गोळ्या कुठं घेत हुते ते? मला म्हणलं, बारामतीला झाडाखाली चालतूय, आता कशाला त्या गोळ्या? म्या कवाच सोडल्यात."

संजय भिंतीला टेकून उभा होता. तो तसाच खाली बसला.

रोज सकाळी न्याहारीनंतर तुम्ही माझ्यादेखत वाटीतून गोळ्या उचलायचात, तळहातावर घ्यायचात, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचात. मग कुठं जायच्या त्या? खिशात? करंजाच्या आळ्यात? वर्षभर मी हा एकच प्रश्न स्वतःला विचारतेय. पाया पडून विचारते, मला फसवून तुम्हाला काय मिळालं?

त्या डॉक्टरांना मी विचारलं, गोळ्या सोडल्या म्हणूनच झालं का हे? ते म्हणाले, "तसं छातीठोक कुणालाच सांगता येणार नाही. पण सोडायला नको होत्या." हे वाक्य घेऊन आम्ही तुम्हाला शेळगावला नेलं.

संजय तेव्हाच म्हणाला, हे बाहेर काढायचं नाही. कॉलनीत विचारलं त्यांना सांगितलं, वय झालं होतं, जेवून ओट्यावर बसले आणि शांतपणे गेले. लोकांनी हात जोडले. असं मरण यायला भाग्य लागतं म्हणाले. मीही गप्प बसले. ज्यांचा बाप गेलाय त्यांनी ठरवायचं, असं मला वाटलं.

आणि संजयनं बागेत पाय ठेवायचा सोडला. लोणी देवकरला जाणारी कंपनीची बस बागेच्या फाटकापुढंच थांबते, तर हा मागच्या गल्लीनं वळसा घालून आधीच्या थांब्यावर जायला लागला. मी एकदा म्हटलं, पाय मोकळे करून येऊ. त्यानं भांडं आपटलं. "त्या बागेनं नेलंय त्यांना," म्हणाला. "तिच्या जिवावर गोळ्या सोडल्या त्यांनी." मी एकटीच जात राहिले. तुमची झाडं वाळू द्यायची का मग?

आता पुढचं ऐका. हे तुम्हाला माहीत नाही.

महिन्यापूर्वी मी आणि कुसुमकाकू सकाळी चालत होतो. उंबराच्या वळणावर त्या म्हणाल्या, "सुजाता, जरा थांब गं, डोळ्यापुढं फिरतंय," आणि माझ्या अंगावरच कलल्या. बाकावर निजवलं, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. बीपी इतकं वाढलेलं की नर्स आमच्याशी बोलता बोलता गप्प झाली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेता का. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"सोडली," म्हणाल्या. "आबांसारखी."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, आबांसारखी म्हणजे?

"अगं, आबांनीच सांगितलं होतं आम्हाला. बागेतल्या सगळ्यांनाच. म्हणायचे, म्या कवाच सोडल्यात गोळ्या, झाड हाय तवर गोळी कशाला. फक्त घरी बोलू नका म्हणायचे, सूनबाई रागावंल. आणि बघ की, किती वर्षं खणखणीत राहिले. शेवटीसुद्धा जेवून बसले आणि गेले, त्रास म्हणून नाही."

आबा, त्या दवाखान्याच्या बाकावर मला तुमचा इतका राग आला, की तुम्ही समोर असता तर मी तुमची सून आहे हे विसरले असते. अख्ख्या बागेला सांगितलंत? आणि घरात आम्ही दोघं, आम्हाला नाही?

मग माझ्या लक्षात आलं, की आम्हीही तेच केलंय. तुम्ही गोळ्या सोडल्या हे त्यांना माहीत होतं. तुम्ही कशानं गेलात हे आम्हाला माहीत होतं. दोन्ही एकत्र बागेत कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्या अर्ध्या गोष्टीवर विश्वास ठेवून काकू त्या बाकावर आडव्या झाल्या होत्या.

घरी येऊन संजयला सांगितलं. मला वाटलं, तो हादरेल. तो म्हणाला, "काकू बऱ्या हायत ना आता? मग झालं."

"झालं कसं? अजून कितीजणांनी सोडल्या असतील."

"मग ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारावं. बापाला मरून वर्ष व्हायचंय अजून. त्यांची शोभा करणार हाईस का चारचौघात?"

"शोभा नाही. खरं सांगायचं."

"खरं त्यांनी सांगितलं का?" असं म्हणून तो उठून गेला. कामाला गेला की घरात शांतता, आला की त्याहून जास्त शांतता. असा सगळा महिना गेला.

त्याच महिन्यात देशमाने सर घरी आले. स्मृतिदिनी बागेला तुमचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता आणि रंगवायलाही देऊन टाकला होता. मला वाचून दाखवला. तुमचं नाव, गाव, आणि खाली एक ओळ, निसर्गाच्या सान्निध्यात, औषधांविना हृदयविकारावर मात करणारे.

मी म्हटलं, "सर, ही ओळ काढा."

"का? यात चूक काय?"

मी सांगितलं असतं, पण संजय आतल्या खोलीत होता. सर म्हणाले, पाटी तयार आहे सुजाताताई, तुम्हाला काही वेगळं वाटत असेल तर भाषणात बोला, तुम्हालाच दोन शब्द बोलायचे आहेत.

म्हणून मी भाषणात बोलले.

कालची गर्दी बघून तुम्ही संकोचून मागं जाऊन बसला असता. शेळगावहून मंदाताई आणि भावकीतले आले होते. त्रिशरण, पंचशील झालं. ज्यांच्या घरात ते म्हणत नाहीत, तेही हात जोडून उभे होते. पाटीवरचा कपडा काढला. टाळ्या झाल्या. मी उठून माइक हातात घेतला.

फार नाही बोलले, आबा. आधी तुम्ही फुटक्या फरश्या ओढत होता ते सांगितलं, सगळे हसले. तुमचं बीपी कसं उतरलं, झोप कशी लागायला लागली, तेही सांगितलं. मग म्हटलं, "या बागेनं आबांना बरीच वर्षं दिली, हे खरं आहे. पण आबा वय झालं म्हणून गेले नाहीत. ते हार्ट अटॅकनं गेले. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली होती आणि आबांनी सगळ्या सोडल्या होत्या, तेही कुणाला न विचारता. त्यांनी तसं केलं नसतं तर आज ते इथं असते का, मला सांगता येणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्यांचं बघून गोळी सोडली असेल, तर आजच्या आज डॉक्टरांना भेटा. चाला. रोज चाला. आणि गोळी पण घ्या."

कुणाचा तरी फोन वाजत राहिला, तो बंद करायचंही सुचेना. देशमाने सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कार्यक्रमात असं बोलतात का?" मंदाताई तोंडावर पदर धरून रडत होत्या. मी संजयला शोधलं. पुढच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी होती. कार्यक्रमासाठी तेवढा तो फाटकाच्या आत आला होता, आणि आता पाठमोरा बाहेर निघाला होता.

मग कुसुमकाकू उठल्या. मागून बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी सोडली होती. मरता मरता वाचले. सर, ती ओळ पुसा."

सरांना फार लागलं. पण माणूस सरळ आहे. जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतः पांढरा रंग आणला आणि त्या ओळीवर फिरवला. आता पाटीवर नुसतं तुमचं नाव आहे आणि गाव. संध्याकाळी कॉलनीतले दोघेजण एकेकटे येऊन गेले. काय बोलले ते तुम्हालासुद्धा सांगणार नाही, पण दोघांनीही जाताना विचारलं, उद्या डॉक्टर किती वाजता बसतात.

संजय जेवायच्या वेळेला आला, जेवला, माझ्याकडं पाठ करून झोपला.

आज सकाळी मी बागेत गेले. पाय निघत नव्हता, तरी गेले. करंजाखाली चिमण्यांचा कलकलाट चालला होता. निम्मी वाट चालून झाली असेल, तर मागून मुरमावर जड पावलं वाजली. संजय होता. कंपनीच्या गणवेशात, डबा हातात. माझ्यापुढं निघून गेला. काहीतरी हरवलंय आणि ते शोधायचंय तसा इकडंतिकडं बघत तरातरा चालला. पूर्ण फेरी मारून माझ्यापाशी आला आणि उंबराजवळच्या बाकावर बसला. दम लागला होता त्याला.

"हितल्या सगळ्यांना सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. "मला न्हाय."

मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"रोज म्हणायचे, चल रं एक चक्कर मारू. मी म्हणायचो, उद्या. मी एक दिवस जरी आलो असतो त्यांच्याबरोबर, तरी चालता चालता मला बी बोलले असते. न्हाय का?"

आबा, बोलला असता का तुम्ही? मी त्याला हो म्हटलं. विचार न करता हो म्हटलं. खोटं असेल तर त्याचं पाप माझ्याकडं.

तो बराच वेळ डब्याच्या पिशवीचा बंद पिळत बसला. बाहेर बस आली, हॉर्न वाजला, तरी उठला नाही. मी म्हटलं, बस जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "सुजाता, कंपनीत तपासणी झाली दिवाळीच्या आधी. माझं बीपी लई वाढलंय. डॉक्टरला दाखवा म्हणले. म्या तुला सांगितलं न्हाय."

मी त्याच्या शेजारी बसले. दिवाळीच्या आधी. आणि आता उन्हाळा लागला. इतके दिवस तो माझ्यासमोर जेवत होता, झोपत होता, माझ्याशी भांडत होता. तुम्हा बाप-लेकांना घरातल्या बाईला सांगायला काय होतं हो? आम्ही रागावू, एवढीच भीती ना? मग रागावू की. रागावणारं माणूस घरात असावं लागतं.

पण मी रागावले नाही. मला रागावताच आलं नाही. मी त्याचा हात धरला, तो गार पडला होता. उठ म्हटलं, आज रजा टाक. त्यानं टाकली. दुपारी मी डॉक्टरकडं नंबर लावून आले. आता तो आत झोपलाय, आणि मी दर थोड्या वेळानं जाऊन त्याचा श्वास बघून येतेय. हसाल तुम्ही.

तुम्ही माझ्यावर रागावला असाल तर रागवा. मला ते चालेल. पण कुणीही विचारलं की तुमच्याबद्दल मी पूर्ण सांगणार. तुम्ही बाग केलीत तेही, आणि तुम्ही चुकलात तेही.

आणि एक शब्द देते. संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघं डॉक्टरकडं चाललोय. ते देतील ती गोळी संजय माझ्यासमोर गिळेल आणि तोंड उघडून दाखवेल. मला कितीही बोलला, भांडला, तरी दाखवल्याशिवाय मी त्याला घराबाहेर पडू देणार नाही. तुमच्या लेकाला मी तुमच्यासारखं जाऊ देणार नाही, आबा.

तुमची सून,
सुजाता